कन्सोल छोटा का हवा?

मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या पारंपरिक उत्सवात, एखादे सोंग नाचत पुढे येते तेव्हा मुखवट्याआडच्या माणसाला समोरचे जेमतेम दिसत असते. मुखवटा लाकडाचा असो की कागदाच्या लगद्याचा, तो चेहऱ्याहून मोठा असतो, पुढच्या बाजूला जड असतो आणि बघण्यासाठी ठेवलेली भोके अगदी लहान असतात. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना माणसांची दाटी, त्यात पोरेसोरे पुढे घुसलेली. तरी सोंग नाचत जाते, वळते, परतते, कारण ते एकट्याच्या भरवशावर चालत नाही. टेंभा धरणारा वाट दाखवतो, संबळाचा ठेका पाऊल ठरवतो, गर्दी मागे सारणारी माणसे वेगळी असतात. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी बघायचे, ही व्यवस्था जव्हार-मोखाड्यात कोणी कागदावर लिहून ठेवलेली नाही. पण ती पाळली जाते.

नाट्यगृहातली मोटर त्या मुखवट्याआडच्या माणसापेक्षाही आंधळी असते. ती मखमली पडदा सरकवते, दिव्यांचा बार खाली आणते, दोनअडीचशे किलोचा देखावा वर नेते, रंगमंचाची चकती फिरवते. तिला जोडलेला एन्कोडर बार किती मिलिमीटर उतरला ते अचूक सांगतो. त्या बारखाली परीचे पंख सावरत एक आठ वर्षांची मुलगी उभी आहे, हे मात्र त्याला कळत नाही. अशा मोटरी जिथून चालवल्या जातात ती पेटी म्हणजे स्टेज ऑटोमेशनचा कन्सोल. तो निवडण्याचा प्रश्न आता मुंबईच्या बड्या थिएटरांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी सांस्कृतिक भवन बांधायचे ठरले की अंदाजपत्रकात ‘मोटरचा पडदा’ अशी ओळ सहज बसते. कोणता कन्सोल, तो कोण चालवणार, कुठे उभा राहून, याबद्दल त्या ओळीपुढे बहुधा काहीच नसते.

लहान नाट्यगृहाने कन्सोल लहानच घ्यावा. मात्र तो स्वस्त पडतो म्हणून नव्हे, तर चालवणाऱ्याला जिथून दिसते तिथे तो उचलून नेता येतो म्हणून. बाकी सगळी वैशिष्ट्ये, म्हणजे किती अॅक्सिस (चालवता येणाऱ्या मोटरी), किती क्यू (आधी ठरवून साठवलेल्या हालचाली), पडद्यावर त्रिमिती चित्र दिसते की नाही, ही या एका गोष्टीनंतरची.

रंगमंच हलवण्याची हौस जुनी आहे. जपानमध्ये काबुकीच्या फिरत्या रंगमंचाचा मान १७५८ साली ओसाकात नामिकी शोझो या नाटककाराकडे जातो. युरोपात कार्ल लाउटेनश्लेगरने १८९६ मध्ये म्युनिकच्या रेसिडेन्स थिएटरात मोझार्टच्या ऑपेरासाठी फिरता रंगमंच बसवला. मराठी प्रेक्षकाच्या मनात मात्र फिरता रंगमंच म्हटले की एकच नाव येते: ‘तो मी नव्हेच’. आचार्य अत्र्यांचे हे नाटक १९६२ मध्ये दिल्लीत पहिल्यांदा झाले, दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचे होते आणि प्रभाकर पणशीकरांनी त्यातल्या भामट्याची सगळी रूपे उभी केली. कोर्टातली साक्ष आणि साक्षीदाराने सांगितलेला प्रसंग यांच्यात सारखी ये-जा करणारी ती संहिता. दर वेळी पडदा पाडून सामान हलवत बसले असते तर निपाणीचा तंबाखूचा व्यापारी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दुसराच कोणी झाल्याचा धक्का उरला नसता. यंत्र तिथे नाटकाच्या गरजेपोटी आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मराठी रंगभूमीवर यंत्र कमी होते आणि माणसे जास्त होती. आजही बहुतेक ठिकाणी तसेच आहे. पडद्याच्या दोरीला एक माणूस, स्पॉटला एक माणूस, अंधारात लेव्हल आणि फ्लॅट बदलणारी चार पोरे. या पद्धतीची चेष्टा करणे सोपे आहे, पण तिच्यात एक मोठी सोय होती. दोरी हातात असते तेव्हा बातमी हातालाच कळते. पडदा विंगेतल्या स्टँडला अडकला की दोरी जड लागते, माणूस आपोआप थांबतो, वर बघतो, झटका देऊन सोडवतो. वरून काही सुटत असेल तर दोरी एकदम हलकी होते आणि पोटात धस्स होते. मोटरला हे काही होत नाही. पडदा अडकला तरी ती ओढत राहते, मग एक तर कापड फाटते नाहीतर स्टँड आडवा होतो. त्यावरचा विंगेतला दिवाही त्याच्याबरोबर जातो.

हाताला मिळणारी ही बातमी मोटरच्या काळात पुन्हा विकत घ्यावी लागते. भार मोजणारा लोडसेल, दोरी सैल पडली की सांगणारा स्विच, शेवटच्या टोकाला थांबवणारा लिमिट स्विच आणि तो चुकला तर वीजच तोडणारा त्याच्यापुढचा दुसरा स्विच, ही सगळी त्या जुन्या दोरीवाल्याच्या तळहाताची बदली आहे. मोठ्या यंत्रणांमध्ये या गोष्टी असतात. स्वस्तात मोटर बसवून देणारे त्या वगळतात, कारण उद्घाटनाच्या दिवशी त्यांची उणीव कोणाला दिसत नाही.

ती उणीव कधी दिसते, त्याचे उदाहरण फार लांबचे नाही. २०२४ च्या जानेवारीत हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात कंपनीच्या दोघा प्रमुखांना लोखंडी पिंजऱ्यातून वरून रंगमंचावर उतरवण्याचा बेत होता. पिंजऱ्याची एका बाजूची साखळी तुटली, दोघे खाली आदळले, संस्थापकांचा मृत्यू झाला आणि दुसरे गंभीर जखमी झाले. तो नाटकाचा प्रयोग नव्हता, तिथे रंगमंचाची शिस्त नव्हती, असे म्हणून नाट्यव्यवसायाला हात झटकता येतील. मग मॉस्कोचे बोल्शोई घ्यावे. जगातल्या सर्वांत सुसज्ज रंगमंचांपैकी तो एक. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘साद्को’ या ऑपेराच्या चालू प्रयोगात देखावा बदलताना वरून उतरणाऱ्या सेटखाली एक कलाकार चिरडून मरण पावला. यंत्र बिघडले नव्हते. ते ठरल्याप्रमाणे खाली येत होते, माणूस मात्र भलत्या बाजूला गेला होता. एका ठिकाणी वस्तूच कमजोर निघाली, दुसऱ्या ठिकाणी वस्तू भक्कम असून वेळेवर थांबवणे झाले नाही. कन्सोल निवडताना दुसऱ्या प्रकारचा विचार जास्त करावा लागतो. साखळी कमजोर आहे हे तपासणीत कळू शकते, माणूस कोणत्या क्षणी कुठे पाऊल टाकेल हे कोणत्याच तपासणीत कळत नाही.

म्हणून आधी थांबण्याबद्दल.

यंत्रे आणीबाणीत थांबवण्याच्या दोन रीती औद्योगिक मानकांत ठरलेल्या आहेत. एकीत वीज तत्काळ तोडायची, मग यंत्र ब्रेकच्या भरवशावर जिथे थांबेल तिथे. दुसरीत मोटरनेच वेग झपाट्याने कमी करत थांबायचे आणि थांबल्यावर वीज तोडायची. उंचावरून वेगाने उतरणारा जड देखावा पहिल्या रीतीने थांबवला तर दोऱ्यांना हिसका बसतो, देखावा झोके खातो आणि कधी कधी अपघात त्या झोक्यानेच होतो. उलट संथ सरकणाऱ्या पडद्याला पहिली रीत पुरते. पिवळ्या पार्श्वभूमीवरचे लाल भूछत्रासारखे बटण सगळ्यांना माहीत असते, पण ते दाबल्यावर या दोहोंपैकी नेमके काय घडते हे विक्रेत्याला विचारायला हवे. ‘सर, मशीन बंद होते’ एवढेच उत्तर आले, तर तिथून उठावे हे बरे. आणखी एक प्रश्न विचारावा: हे बटण कन्सोलमधल्या संगणकाला विनंती करते, की स्वतंत्र सुरक्षा सर्किट तोडते? संगणक अडकलेला असताना त्याला थांबण्याची विनंती करणे म्हणजे झोपलेल्या पहारेकऱ्याला हाक मारणे.

दुसरी गोष्ट त्याहून साधी, पण कमी माणसांना ठाऊक असलेली. चांगल्या कन्सोलला किंवा त्याच्या वायरला जोडलेल्या हातातल्या मुठीला तीन अवस्थांचा स्विच असतो. हलका धरला की यंत्राला चालण्याची परवानगी मिळते. सोडला की परवानगी गेली, यंत्र थांबले. आणि घट्ट आवळला तरी यंत्र थांबते. तिसरी अवस्था कशाला, असे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते. कारण माणसाच्या स्वभावात आहे. घाबरलेला माणूस एक तर हातातले टाकून देतो, नाहीतर ते जिवाच्या आकांताने आवळून धरतो. विजेचा धक्का बसला तरी मूठ आवळलीच जाते. हा स्विच बनवणाऱ्याने दोन्ही प्रकारची माणसे जमेस धरली आहेत. सगळ्या कन्सोलमध्ये पैशाच्या मानाने सर्वांत जास्त अक्कल असलेला भाग कोणता, असे विचारले तर उत्तर हा एक स्विच. पत्रकात मात्र त्याला एखादी ओळ मिळाली तर मिळाली.

हात आहे तोवर हालचाल, हात गेला की हालचाल गेली, हे तत्त्व जव्हारच्या माणसाला नवे वाटायचे कारण नाही. तारप्याचा नाच त्याच तत्त्वावर चालतो. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाचे पान यांचे ते वाद्य. वादक गाल फुगवून श्वास न तोडता वाजवत राहतो. कमरेला हात घातलेली नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. पुढचा घुंगुरकाठी आपटत ठेका धरतो, सूर बदलला की पाऊल बदलते, वेग बदलतो, साखळी वळते. सूर थांबला की नाच थांबतो. वादकाचे तोंड नाचणाऱ्यांकडे असते आणि ते त्याच्याकडे पाठ करत नाहीत, असा रिवाज आहे. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या वादकाला संगीत नाटक अकादमीने पुरस्कार दिला तो कलेसाठी, हे उघड आहे. पण स्टेज ऑटोमेशनच्या प्रशिक्षणवर्गात दाखवावे असेही त्या रिंगणात पुष्कळ आहे. चालवणारा मधोमध आहे, सगळे त्याच्या नजरेत आहेत, त्याने सोडले की सगळे थांबते.

याच्या उलट चित्र म्हणजे प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला काचेच्या खोलीत ठेवलेला कन्सोल. दिव्यांसाठी ती जागा उत्तम, कारण दिवे प्रेक्षकाच्या बाजूनेच बघायचे असतात. हलणाऱ्या वजनासाठी ती जागा चुकीची. तिथून विंग दिसत नाही, झालरीमागे काय चालले आहे ते दिसत नाही, बारखाली वाकलेला माणूस दिसत नाही. कॅमेरे लावता येतात, मोठी थिएटरे लावतातच. पण कॅमेरा जिथे रोखलेला असतो तेवढेच दाखवतो आणि ब्लॅकआउटमध्ये साधा कॅमेरा निकामी होतो. तेव्हा कन्सोल विंगेत हवा, आणि विंगेत तो मावायला हवा. तालुक्याच्या नाट्यगृहाची विंग म्हणजे किती जागा! तिथे दोन माणसे आमनेसामने आली तर एकाला अंग चोरावे लागते. टेबलाएवढा कन्सोल तिथे ठेवला तर कलाकाराची एन्ट्री कन्सोलला वळसा घालून होईल. गळ्यात अडकवता येईल किंवा एका हाताने उचलून डाव्या विंगेतून उजव्या विंगेत नेता येईल, अशी पेटी तिथे कामाची.

मोठे कन्सोल निरुपयोगी आहेत असे यातून कोणी काढू नये. ३१ मार्च २०२३ ला वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलेल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्राच्या ग्रँड थिएटरात २,००० प्रेक्षक बसतात. त्याच वर्षी तिथे ‘द साउंड ऑफ म्युझिक’चे प्रयोग झाले. असल्या प्रयोगात कित्येक हालचाली एकाच वेळी, एकमेकींच्या हिशेबाने व्हाव्या लागतात. पायऱ्या सरकत असताना भिंत वर जाते, तिच्याशी टक्कर होऊ नये म्हणून तिसरा बार अमुक उंचीच्या खाली येता कामा नये. असा गुंता संगणकाने सांभाळायचा असतो आणि वॅगनर-बिरो, बॉश रेक्सरॉथ, टेट यांच्यासारख्या कंपन्यांच्या यंत्रणा त्यासाठीच बनलेल्या असतात. तिथे प्रशिक्षित ऑपरेटर पगारावर असतो, त्याच्या जोडीला रंगमंचाच्या कोपऱ्यांत डोळे लावून उभी असलेली माणसे असतात आणि त्यांच्याही हाताशी थांबवण्याचे बटण असते. ही माणसे पत्रकात दिसत नाहीत. छोट्या नाट्यगृहाने मोठ्याचे अनुकरण केले तर यंत्र येते, माणसे येत नाहीत.

छोट्याला खुणावणारे दोन मोह आहेत आणि दोन्ही ऐकायला शहाणपणाचे वाटतात.

पहिला मोह दिव्यांच्या बोर्डाचा. नाट्यगृहात लाइट बोर्ड असतोच, ऑपरेटर असतो, त्याचे चार चॅनेल रिकामे असतात. तेव्हा पडद्याची आणि बारची मोटर त्यालाच जोडावी, वेगळा कन्सोल कशाला? बोर्ड आणि दिवे यांच्यात डीएमएक्स ५१२ नावाची भाषा चालते. अमेरिकेतल्या रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने ती १९८६ मध्ये ठरवली. एका वायरीवरून ५१२ चॅनेलना आकडे पाठवायचे, एवढाच तिचा जीव. पाठवलेला आकडा बरोबर पोहोचला की नाही याची तपासणी तिच्यात नाही. दिव्याच्या बाबतीत त्याने बिघडत नाही. एक आकडा चुकला तर दिवा क्षणभर लुकलुकतो, पुढचा आकडा लगेच येऊन सावरतो. पण तोच चुकलेला आकडा मोटरने ‘खाली ये’ असा वाचला तर? हे मानक ज्यांनी लिहिले त्यांनी त्यातच बजावून ठेवले आहे की धोक्याच्या उपकरणांसाठी ही पद्धत वापरू नये. इतका स्पष्ट इशारा असूनही ‘लाइट बोर्डवरून सगळे कंट्रोल होते’ हे वाक्य विक्रीत खपते, कारण ऐकणाऱ्याला ते काटकसर वाटते.

दुसरा मोह कारखान्याचा. जवळच्या औद्योगिक वसाहतीतला माणूस गोदामातली चेन होइस्ट बसवून देतो, सोबत वायरला लोंबणारे दोन बटणांचे पेंडंट देतो. गंमत अशी की यातला कन्सोल, म्हणजे ते पेंडंट, तत्त्वाने अगदी बरोबर आहे. दाबले की चालते, सोडले की थांबते, आणि हातात धरून वस्तूशेजारी उभे राहता येते. कित्येक रंगीत टचस्क्रीनपेक्षा ते प्रामाणिक आहे. चूक होइस्टमध्ये असते. मनोरंजन क्षेत्रातल्या होइस्टचे जर्मनीत तीन वर्ग मानले जातात. डी८ वर्गाच्या होइस्टखाली, वजन वेगळ्या दोरीने बांधून घेतल्याशिवाय, माणसाने उभे राहायचे नाही. डी८ प्लस वर्गाची वस्तू माणसांच्या डोक्यावर स्थिर टांगून ठेवता येते, पण हलवता येत नाही. डोक्यावरून हलवायची असेल तर सी१ वर्ग लागतो, ज्यात दुहेरी ब्रेक आणि दुहेरी तपासणी असते. गोदामात माणसे होइस्टखाली उभी राहत नाहीत. रंगमंचावर नाटक तिच्या खालीच चालते.

युरोपने २०२० मध्ये रंगमंचावरच्या यंत्रांसाठी ईएन १७२०६ हे एकच मानक आणले आणि जर्मनीच्या जुन्या स्वतंत्र मानकाची जागा त्याने घेतली. त्याचा गाभा हा की आधी कोणती हालचाल कोणाच्या डोक्यावरून होणार ते लिहून काढायचे आणि त्या धोक्याच्या प्रमाणात सुरक्षेची पातळी ठरवायची. माणसांच्या डोक्यावरून वजन हलवणाऱ्या यंत्रणेकडून ज्या पातळीची अपेक्षा बहुधा केली जाते तिचे नाव सिल-३. तिचा हिशेब असा की घातक बिघाडाची शक्यता एक कोटी तासांत एकाहून कमी असावी. एक कोटी तास म्हणजे यंत्र अखंड चालू ठेवले तर साधारण अकराशे चाळीस वर्षे. जव्हारसारख्या गावच्या सांस्कृतिक भवनातल्या दर्शनी पडद्याला एवढी कडक पातळी लागेलच असे नाही. पण धोका आधी लिहून काढायचा, मग यंत्र निवडायचे, ही रीत फुकट आहे आणि निविदेला एक पान जोडून ती कोणालाही पाळता येते.

आता जागेचा विचार. जव्हारला १९१८ पासूनची नगरपरिषद आहे, मुकणे घराण्याचा राजवाडा आहे, आणि तालुका डोंगरमाथ्यावरचा आहे. मोखाडा त्याहून आत. आधुनिक रंगमंच बघायचा तर मोखाड्याहून त्र्यंबक ओलांडून नाशिकच्या कालिदास कलामंदिराकडे जावे लागते नाहीतर घाट उतरून ठाण्याच्या गडकरी रंगायतनाकडे. इथले खरे रंगमंच आश्रमशाळांच्या स्नेहसंमेलनांचे, मांडवांचे आणि पारांसमोरचे. म्हणजे कलाकार बहुतेक मुले आहेत. बारखाली कोण उभे असेल याचा अंदाज यावरून यावा. त्यात पावसाळ्यात हवेची ओल सगळ्या जोडांवर बसते आणि वीज जाणे ही बातमी नसते. तेव्हा ब्रेक असा हवा की वीज असेपर्यंत तो उघडा राहील आणि वीज गेली की स्प्रिंगने आपोआप आवळला जाईल. वीज परत आल्यावर यंत्राने स्वतःहून पुढे चालू लागता कामा नये, माणसाने पुन्हा परवानगी द्यावी लागेल असे हवे. आणि अर्ध्यात अडकलेला बार हाताने फिरवून खाली घेता आला पाहिजे. कन्सोलची वायर ओढली गेली किंवा उंदराने कुरतडली तर यंत्रणेने ते ‘थांब’ असेच समजायला हवे. बिनतारी कन्सोलचे आकर्षण मोठे असते, पण जिथे वायर पुरते तिथे वायरच घ्यावी.

यंत्राने वजन हलवायचे आणि खाली माणसे असायची, ही परिस्थिती मोखाड्याला तशी नवीही नाही. कोचाळ्याजवळ वैतरणेवर मुंबई महापालिकेने बांधलेले १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये सुरू झाले. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडायचे असले की नदीकाठच्या गावांना आधी इशारा जातो, मग दरवाजा हलतो. हलण्याआधी कळवणे ही सवय रंगमंचावरही लागते. बार उतरायच्या आधी ‘बार खाली येतोय’ अशी हाक आणि समोरून ‘मोकळं’ असा होकार. कोणत्याही कंपनीच्या कन्सोलबरोबर ही हाक मिळत नाही.

एक आक्षेप मात्र मनापासून ऐकण्यासारखा आहे. ज्या तालुक्यांत रस्ते, दवाखाने आणि पोषण हे प्रश्न आधीचे आहेत तिथे मोटरच्या पडद्याची चर्चा कशाला? बोहाडा मोटरशिवाय रात्रभर रंगतो, तारपा विजेशिवाय घुमतो. हे खरेच आहे, आणि बोहाड्याला मोटर लावायला कोणी गेले तर त्याला हाताला धरून परत पाठवावे. पण ऑटोमेशनचा पहिला उपयोग चमत्कार दाखवण्याचा नसतोच. छोट्या नाट्यगृहात सगळ्यात धोक्याचे काम प्रयोगाच्या आधी होते. दिवा बदलायला, फिल्टर लावायला, रोख बदलायला एक पोरगा उंच शिडीवर चढतो, खाली दुसरा शिडी धरतो, आणि तो फोन आला म्हणून एक हात सोडतो. दिव्यांचा बार मोटरने छातीच्या उंचीपर्यंत खाली आला तर ती शिडी बव्हंशी जागेवर राहते. दोन बार आणि एक दर्शनी पडदा, म्हणजे तीन मोटरी, फार तर चार. तालुक्याच्या भवनाची गरज एवढी आहे. त्यासाठी चार ते आठ अॅक्सिसचा छोटा कन्सोल पुरून उरतो. पुढे लागेल म्हणून बत्तीस अॅक्सिसचा घेण्यात काही अर्थ नाही. पुढे लागेपर्यंत त्याचा संगणक जुना झालेला असतो आणि दुरुस्ती करणारा सापडत नाही. कंपन्याही हात बदलतात. छोट्या, उचलून नेता येणाऱ्या यंत्रणांसाठी नावाजलेली ब्रिटनची कायनेसिस २०२० मध्ये अमेरिकेच्या टेटने घेतली. इतक्या मोठ्या बाजारात असे होते, तर आपल्या भवनाला कन्सोल विकणारा दहा वर्षांनी फोन उचलेल का, हा प्रश्न आजच विचारलेला बरा.

दौऱ्यावरच्या नाटकांच्या दृष्टीनेही छोटा कन्सोलच परवडतो. सकाळी नाशिक, रात्री ठाणे असा प्रयोग लावणारी मंडळी सेटबरोबर टेम्पोत स्वतःची फिरती चकती आणि दोन विंच घेऊन जाऊ शकतात. त्यासोबत हवाई प्रवासाच्या बॅगेएवढा कन्सोल असला तर तिसऱ्या घंटेआधी सगळे तपासून होते. ज्या नाट्यगृहात ते जातात तिथली यंत्रणा परकी असते, पण स्वतःच्या हातातली पेटी आणि स्वतःचा माणूस ओळखीचा असतो. बॅकस्टेजवर ओळखीला फार किंमत आहे.

राहता राहिला तो माणूस. कन्सोलवरची अक्षरे त्याला वाचता आली पाहिजेत. ‘वर’, ‘खाली’, ‘थांबा’, ‘दर्शनी पडदा’, ‘बार एक’ असे लेबल लावायला खर्च नाही. बहुतेक कन्सोलमध्ये मोटरींना हवी ती नावे देता येतात, मग ती विक्रेत्याच्या इंग्रजीत का असावीत? किल्ली कोणाकडे राहील हे ठरलेले हवे. बोहाड्यातल्या एका सोंगाचा मान जसा एका घराण्याकडे असतो, तसा हा कन्सोल दोन प्रशिक्षित माणसांकडेच हवा. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी बटण दाबून पडदा उघडावा असा बेत असेल तर त्यांच्या हाती फीत आणि कात्री द्यावी.

जव्हार, मोखाडा किंवा अशाच एखाद्या गावी सांस्कृतिक भवनाची निविदा लिहायला बसणाऱ्यांनी यंत्रणेच्या पानावर पुढच्या गोष्टी खरेदीच्या अटी म्हणून घालाव्यात: स्वतंत्र सर्किटचे आपत्कालीन बटण दोन्ही विंगांत, हात सोडला की थांबणारा तीन अवस्थांचा स्विच, वीज गेल्यावर आवळणारा ब्रेक आणि हाताने उतरवण्याची सोय, माणसांच्या डोक्यावर चालेल अशा वर्गाची होइस्ट, मराठी लेबले, वर्षातून एकदा लेखी तपासणी, आणि दोन स्थानिक मुलामुलींना त्याच भवनात, त्याच यंत्रावर दिलेले प्रशिक्षण. एवढे देऊन पैसे उरले नाहीत तर मोटर घेऊ नये, पडद्याला चांगली सुती दोरी आणि भक्कम कप्पी लावावी आणि ती ओढणाऱ्या माणसाला प्रत्येक प्रयोगाचे मानधन द्यावे.